कुत्रा आपल्याशी एक आणि दुसऱ्यांशी एक असं का वागतो?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुमच्याकडे तीन वर्षांचा देशी कुत्रा आहे, ब्रूनो. त्याचं खाणंपिणं, फिरवणं, पोट बिघडलं की रात्रभर जागणं सगळं तुम्हीच करता, पण ऐकत नाही तो फक्त तुमचंच. अंगावर उड्या मारतो, ओढणी धरून ओढतो, फिरायला नेलं की पट्टा खेचत तुम्हालाच फरपटत नेतो. मिस्टरांनी एकदा 'बस' म्हटलं की बसतो. सासऱ्यांच्या पायाशी तासन्‌तास गप पडून असतो. लग्नासाठी गावाला गेलात तेव्हा आठ दिवस होस्टेलला ठेवलात तर तिथली माणसं म्हणाली इतकं शहाणं जनावर बघितलं नाही. आणि हाच शहाणा, घरी कोणी पाहुणं आलं की तुमच्या पायामागे उभा राहून गुरगुरतो, तुम्ही घरात नसलात तर मात्र त्याच पाहुण्यांना काही करत नाही. म्हणून तुम्ही विचारलंय की याचं माझ्यावर प्रेमच नाही का, आणि सोसायटीतले एकजण म्हणतात तसं मी त्याची 'बॉस' व्हायला पाहिजे का.

मी सव्वीस वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे. सुरुवातीला गाईम्हशी, शेळ्यामेंढ्या केल्या, नंतर शहरात कुत्री-मांजरं, आणि गेली बारा-तेरा वर्षं वागण्याच्या तक्रारी घेऊन येणारी कुत्री मुद्दाम जास्त वेळ देऊन बघतो. तुमच्यासारखंच रडवेलं होऊन विचारणारी माणसं दर आठवड्याला येतात आणि बहुतेक वेळा विचारणारी व्यक्ती तीच असते जिने त्या कुत्र्यासाठी सगळ्यात जास्त केलेलं असतं. म्हणून पहिली गोष्ट ही सांगतो की प्रेम कमी असण्याचा याच्याशी काही संबंध नाही.

आता मुद्द्याचं. कुत्र्याच्या डोक्यात 'माणसं' असा एकच गठ्ठा नसतो. किराणा दुकानदाराकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं वहीत वेगळं पान असतं ना, तसं त्याच्याकडे प्रत्येक माणसाचं वेगळं पान असतं. या माणसासमोर मी काय केलं तेव्हा काय मिळालं, काय हुकलं, कधी भीती वाटली, कधी बरं वाटलं. आणि त्या पानावर तो रोज लिहीत असतो, आपण शिकवायला बसलो असू किंवा नसू. आपण म्हणतो रविवारी अर्धा तास ट्रेनिंग दिलं, पण तो आठवड्याचे सातही दिवस दिवसभर शिकतच असतो.

तुमच्या घरचंच बघा. मिस्टर संध्याकाळी येतात, दिवसातून दोनदाच काहीतरी सांगतात, एकदाच सांगतात, तो बसला की डोक्यावर हात फिरवतात नाहीतर बिस्कीट देतात, बसला नाही तर तिथून निघून जातात. म्हणजे त्यांच्या पानावर 'बस' या शब्दाला स्पष्ट अर्थ आहे. तुम्ही दिवसभर घरात, एका हाताने पोळ्या लाटत 'ब्रूनो बस, बस म्हटलं ना, अरे बस रे, नको ना उड्या मारूस', आणि तो उडी मारतच असतो आणि तुम्ही त्याच्याकडे बघताय, बोलताय, हाताने बाजूला करताय. कुत्र्याला हाताने ढकलणं म्हणजे खेळ वाटतो. तुमच्या पानावर त्याने लिहून ठेवलंय की हिच्याकडे उडी मारली की ही माझ्याशी बोलते, आणि 'बस' हा शब्द म्हणजे नुसता मागे चालू असलेला रेडिओ. तो बेइमान नाहीये, तो तुमच्याच घरात जे शिकला तेच करतोय. सासरे तर काहीच मागत नाहीत, खुर्चीत पेपर वाचत बसतात, दर वेळी सारखेच. म्हणून त्यांच्या पायाशी तो सुस्त होतो, ती जागा त्याला झोपेची वाटते.

यात अजून एक गोष्ट आहे जी माणसांच्या पटकन लक्षात येत नाही. कुत्रा शब्दापेक्षा अंग जास्त वाचतो. 'बस' म्हणताना मिस्टर सरळ उभे असतात, तुम्ही वाकलेल्या असता. त्याच्या लेखी ते दोन वेगळे हुकूम आहेत. माझ्याकडे एक लॅब्रॅडॉर यायचा तो घरात सांगितलं की 'शेकहँड' द्यायचा आणि दवाखान्यात अजिबात नाही. मालकीणबाई ओशाळायच्या. एके दिवशी त्यांना म्हटलं तुम्ही घरी जशा बसून करता तशाच इथे स्टुलावर बसा. बसल्या, हात पुढे केला आणि कुत्र्याने लगेच पंजा दिला. तो शब्द शिकलाच नव्हता, बसलेल्या बाईचा पुढे आलेला हात शिकला होता.

हे झालं शिकण्याचं. पण मालकाशी वेगळं वागण्याचं सगळ्यात मोठं कारण त्याच्याही खाली आहे, ते म्हणजे ओढ. 1998 साली बुडापेस्टला योझेफ तोपाल आणि आदाम मिक्लोशी वगैरे मंडळींनी एक प्रयोग केला. लहान मुलांचा आईवर किती विश्वास आहे ते बघायला मेरी एन्सवर्थ यांनी एक पद्धत बसवली होती, अनोळखी खोली, आई थोडा वेळ बाहेर जाते, एक परकी बाई आत येते, मग आई परत येते, आणि मूल काय काय करतं ते टिपून घ्यायचं. तीच पद्धत यांनी 51 कुत्रे आणि त्यांच्या मालकांवर लावली. मालक खोलीत असताना कुत्रे जास्त खेळत होते, इकडेतिकडे बघत फिरत होते, मालक गेला की दाराशी जाऊन उभे राहायचे, आणि मालक परत आला की परक्या माणसापेक्षा कितीतरी जास्त जोशात भेटायचे. पुढे 2013 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी असं दाखवलं की खाऊ लपवलेलं खेळणं सोडवायला दिलं तर मालक जवळ असताना कुत्रा जास्त वेळ चिकाटीने खटपट करतो, आणि मालकाच्या जागी अनोळखी माणूस बसवला तर तो परिणाम येत नाही. नुसतं कुणीतरी असून चालत नाही, आपलं माणूस लागतं.

आता हे तुमच्या ब्रूनोला लावा. लहान मूल शाळेत शहाणं असतं, बाईंसमोर तोंडातून शब्द काढत नाही, आणि घरी आईला बघितलं की दप्तर फेकून भोकाड पसरतं. आईसमोर का? कारण तिथे काहीही केलं तरी जागा जाणार नाही याची त्याला खात्री असते. कुत्र्याचंही बरंचसं तसंच. दंगा, हट्ट, ओढाओढ तो जिथे सुरक्षित वाटतं तिथेच करतो.

आणि होस्टेलमधल्या शहाणपणाबद्दल मला थोडं स्पष्ट बोलायचंय, कारण यात लोक फसतात. अनोळखी जागेत गप राहणारा कुत्रा दर वेळी समाधानी असतो असं नाही, बऱ्याचदा तो दबलेला असतो. चार दिवस नीट जेवला नाही, खेळला नाही, कोपरा धरून बसला, तर बघणाऱ्याला तो 'शांत' दिसतो. घरी आल्यावर दीड-दोन दिवस नुसता झोपून काढला का त्याने? भांडंभर पाणी एका दमात प्यायला का? असं झालं असेल तर तिथे त्याला धड विश्रांती मिळाली नव्हती असं धरून चाला. होस्टेलवाल्यांचा काही दोष असेलच असं नाही, त्यांनी चांगलंच सांभाळलं असेल, पण त्यांच्यासमोर दिसला तो पूर्ण ब्रूनो नव्हता.

जागेचा परिणाम किती असतो याचं एक छान काम अमेरिकेत एरिका फॉयरबाखर आणि क्लाइव्ह विन यांनी केलंय. कुत्र्यासमोर मालक आणि अनोळखी माणूस दोघंही बसलेले, दोघंही लाड करायला तयार. ओळखीच्या जागेत कुत्रे जास्त वेळ अनोळखी माणसाकडेच जाऊन बसले. नवख्या जागेत मात्र मालकाला चिकटले. म्हणून घरी कुणी पाहुणं आलं आणि कुत्रा तुम्हाला सोडून त्यांच्या मांडीशी गेला तर वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही तर घरात आहातच, कुठे जाताय. नवीन जागेत तो कुणाला शोधतो ते बघा. माझ्या दवाखान्यात मी रोज बघतो, टेबलावर घेतलेलं कुत्रं मान वळवून वळवून एकाच माणसाचं तोंड बघत असतं, घरातले चौघं उभे असले तरी.

ही ओढ नुसती दिसण्यापुरती नाही, अंगातही सापडते. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना न बांधता, भूल न देता एमआरआय मशीनमध्ये स्थिर पडून राहायला शिकवलं, आणि वेगवेगळे वास देऊन मेंदू तपासला. 12 कुत्रे होते. स्वतःचा वास, ओळखीच्या कुत्र्याचा, अनोळखी कुत्र्याचा, अनोळखी माणसाचा, आणि घरच्या माणसाचा. मेंदूतल्या काहीतरी चांगलं मिळणार अशा वेळी जाग्या होणाऱ्या भागात सगळ्यात जास्त हालचाल घरच्या माणसाच्या वासाला झाली, आणि तो माणूस त्या वेळी तिथे हजरही नव्हता. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या नागासावा आणि किकुसुई यांनी 2015 मध्ये दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यात बराच वेळ बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, हेच ते रसायन जे आई आणि तान्ह्या बाळातही असतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये हे आढळलं नाही. ब्रूनो तुमच्याकडे टक लावून बघतो का? तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण माझी खात्री आहे की बघत असणार.

आता गुरगुरण्याकडे येतो. इथे मात्र मी कडक बोलणार आहे कारण इथेच चावाचावी होते.

'तो मला जपतो' असं बहुतेक मालकांना वाटतं आणि त्यात थोडा अभिमानही असतो. पण तुम्ही लिहिलंय की तो तुमच्या मागे उभा राहून गुरगुरतो. जपणारा पुढे येऊन उभा राहील ना? मागे लपून गुरगुरणारा कुत्रा घाबरलेला असतो. तुम्ही त्याची सुरक्षित जागा आहात, तिथे उभं राहिलं की त्याला आवाज काढायची हिंमत येते. मिस्टर एकटे असताना किंवा घरात तुम्ही नसताना त्याला ती हिंमत नसते, म्हणून तो बाजूला जाऊन गप बसतो, आणि आपण म्हणतो बघा कसा शहाणा. भीती दोन्ही वेळा तीच आहे, फक्त एकदा तिला आवाज आहे आणि एकदा नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही स्वतः. बेल वाजली की तुम्ही काय करता हे मी न बघता सांगतो, तुम्ही पट्ट्याला दोन वेढे देऊन घट्ट धरता, श्वास रोखता आणि 'काही करत नाही हं तो' असं जरा वरच्या आवाजात म्हणता. मागच्या दोन वेळी झालेलं आठवत असतं, साहजिक आहे. पण पट्ट्यातून ते सगळं त्याच्या गळ्यापर्यंत पोचतं. आणि नाकातूनही. नेपल्स विद्यापीठात 2018 मध्ये माणसांना घाबरवणारा व्हिडीओ दाखवून त्यांच्या घामाचा वास कुत्र्यांना दिला, तर कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, ती मालकाला जास्त बिलगायला लागली आणि परक्या माणसाशी संपर्क टाळायला लागली. म्हणजे तुमचीच भीती हुंगून तो ठरवतो की येणारा माणूस धोक्याचा आहे. मिस्टरांना त्या प्रसंगाची धास्ती नाही, म्हणून त्यांच्या हातात तोच पट्टा सैल असतो.

दवाखान्यात मी कधीकधी मालकांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगतो. एक पॉमेरेनियन होतं, मालकिणीच्या कडेवर असताना माझ्या हाताच्या वीतभर अंतरावर दात वाजवायचं. बाईंना बाहेर बसवलं, कंपाउंडरने त्याला खाली फरशीवर ठेवलं, मी बाजूला पाठमोरा बसलो, एक मिनिटभर काहीच केलं नाही. त्याने ओठ चाटले, एक जांभई दिली, मग माझ्या गुडघ्याचा वास घेतला. इंजेक्शन झालं तेव्हा त्याला कळलंही नाही. पण हे सगळ्या कुत्र्यांना चालत नाही हेही सांगतो, काही कुत्री मालक दिसेनासा झाला की पार कोसळतात, लाळ गळते, थरथर सुटते. त्यांच्या मालकाला मी समोर उभं करतो आणि सांगतो त्याच्या डोक्यावर हात ठेवा आणि गप्प राहा. कुठला कुत्रा कुठल्या प्रकारचा हे त्याच्याकडे बघूनच ठरवावं लागतं.

आणि गुरगुरला म्हणून त्याला फटका मारू नका, प्लीज. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे. ती मारून बंद केली तर भीती तिथेच राहते, आणि मग एक दिवस तो न सांगता चावतो. कुणाला चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, तुमच्या कुत्र्याला रेबीजची लस झालेली असली तरी.

'बॉस व्हा' या सल्ल्याबद्दल. ही कल्पना आली बंदिस्त लांडग्यांवरून. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या, म्हणजे एकमेकांशी काही नातं नसताना एका जागी कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं बघून ते लिहिलं, आणि डेव्हिड मेक यांच्यामुळे ते जगभर पसरलं. पण त्याच मेक यांनी पुढे जंगलातल्या लांडग्यांवर वर्षानुवर्षं काम करून 1999 मध्ये स्वतःच लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. कुणी कुणाला लोळवून राज्य करत नसतं. तरी आजही लोक कुत्र्याला उलटं पाडून धरायला सांगतात, आणि त्यात हाताला, चेहऱ्याला चावलेली माणसं मी बघितली आहेत. धनगर बांधव आपल्या कुत्र्याला कधी लोळवताना पाहिलेत? तो हलक्या आवाजात एकदा शीळ घालतो, कुत्रं दोनशे मेंढरं सोडून येतं, कारण त्या शिळेचा अर्थ त्याच्या सगळ्या आयुष्यात एकदाही बदललेला नाही.

अजून एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, ती म्हणजे दुखणं. माझ्याकडे नऊ वर्षांचं एक कुत्रं आणलं होतं, घरात फक्त आजींनाच चावतं म्हणून. घरच्यांनी तर्क लावला की आजी रागावतात म्हणून डूख धरलाय. मी विचारलं आजी त्याच्याशी असं काय करतात जे बाकी कुणी करत नाही? कुणालाच सांगता येईना. शेवटी नातू म्हणाला, आजी त्याला उचलून सोफ्यावर घेते. कंबरेवरून अलगद बोटं फिरवली तर एका मणक्यापाशी त्याने अंग चोरलं आणि वळून माझ्या हाताकडे बघितलं. एक्सरे काढला, मणके खराब झालेले. आजी रोज प्रेमाने उचलत होत्या आणि त्या प्रेमाचीच कळ त्याच्या पाठीत जात होती. औषधं सुरू केली, सोफ्याला पायरी म्हणून लाकडी पाट लावला, महिन्याभरात तो पुन्हा आजींजवळ झोपायला लागला. म्हणून 'एकाशीच असं का' हा प्रश्न पडला की आधी बघायचं तो एक माणूस वेगळं काय करतो. आणि वागणं अचानक, चार-आठ दिवसांत बदललं असेल तर ट्रेनरकडे नाही, डॉक्टरकडे जायचं.

ब्रूनोसाठी आता काय करायचं ते सांगतो. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द ठरवा, एकाच हाताच्या खुणेसकट, आणि तुम्ही पंधरा दिवस 'बस' हा शब्दच वापरू नका, तो तुमच्या तोंडी झिजलाय. नवा शब्द घ्या, 'खाली' चालेल, आणि तो दिवसातून फक्त पाच-सहा वेळा, हातात उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा असताना, एकदाच म्हणा. बसला की लगेच द्या. नाही बसला तर काही बोलू नका, वळून स्वयंपाकघरात जा. उडी मारली तर हात बांधून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, चारही पाय जमिनीवर आले की मगच बोला. पहिले तीन-चार दिवस उड्या वाढतील, कारण आजवर मिळत होतं ते अचानक बंद झालं, तेव्हा माघार घेऊ नका. जेवण काही दिवस मिस्टरांनी द्यायचं वगैरे गरज नाही, उलट तुमच्याच हातून मिळू दे, फक्त त्याला काहीतरी साधं करायला लावून.

पाहुण्यांचं वेगळं. त्यांना सांगा की कुत्र्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, वाकू नका, सरळ येऊन बसा. ब्रूनोला आधीच आतल्या खोलीत चावायला हाड किंवा खेळणं देऊन ठेवा, पाहुणे चहा प्यायला बसले की मग सैल पट्ट्याने आणा, आणि लांबच बसवा. गुरगुरला तर तेवढ्याच शांतपणे परत आत न्या. आपल्याकडे कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम केलंय, त्यात असं दिसलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला नुसत्या खाण्यापेक्षा वारंवार मिळालेला मायेचा हात जास्त उपयोगी पडला. पण तो हात कुत्रा स्वतः जवळ आल्यावर. पहिली चार-पाच भेटी कुणी त्याला शिवूच नये.

एक काम करा. पुढच्या वेळी कुणी येणार असेल तेव्हा मोबाईल शेल्फवर उभा करून दाराकडे तोंड करून रेकॉर्डिंग लावा. ब्रूनो तर त्यात दिसेलच, पण मला तुमचा पट्टा धरलेला हात दिसला पाहिजे, बेल वाजायच्या आधीपासून. आणि एक लिहायचं राहिलंय तुमच्याकडून, त्याला घरी आणलं तेव्हा तो किती आठवड्यांचा होता? साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्या माणसांना भेटतं त्यांच्यावरून त्याचं माणसांबद्दलचं मत बनतं. त्या काळात घरातल्यांशिवाय त्याला कोणकोण भेटलं होतं, पुरुष, लहान मुलं, काठी टेकत चालणारी माणसं, हेल्मेट घातलेले डिलिव्हरीवाले, हे आठवून लिहा, म्हणजे पाहुण्यांपैकी नेमकी कुणापासून सुरुवात करायची ते ठरवता येईल.